सहा माणसांचं बेट

बेत आखावा तर मीच! हे मी नाही, सगळं ऑफिस म्हणतं. निदान १९७३ च्या फेब्रुवारीपर्यंत म्हणत होतं.

आता आपलं नागपूर पडलं देशाच्या मधोमध. म्हणजे समुद्र चारही बाजूंनी सारखाच लांब! आमची गोपिका काटोलची, संत्र्यांच्या बागेत वाढलेली. लग्नानंतर मी तिला मोठ्या ऐटीत सक्करदऱ्याचा तलाव दाखवायला नेलं, तर म्हणाली, "मले समुद्र पाहायचा आहे. तुमच्यासंगं. दोघंच."

त्याला नऊ वर्षं झाली. घरात आई, दादा, वहिनी आणि आम्ही, खोल्या तीन. दोघंच असे आम्ही फक्त लग्नाच्या फोटोत होतो, आणि त्यातही मागून दादा डोकावतोय!

शेवटी मी जमवलंच. हेडक्लार्कच्या साडूने पत्ता दिला. मालवणच्या पुढे होडीने जायचं एक लहानसं बेट. माडांची बाग, कौलारू दोन खोल्या, दारात समुद्र, भाडं नावापुरतं. शांत इतकं की कोंबडासुद्धा विचार करून आरवतो म्हणे. गोपिका त्या दिवसापासून पोळ्या लाटताना गुणगुणायला लागली.

माशी शिंकली ती आमच्याकडच्या रीतीमुळे. बाहेर निघताना भेटेल त्याला "चला ना!" म्हणायचं, आणि समोरच्याने "नाही गा, तुम्ही जा" म्हणायचं. सिनेमाला निघालेला माणूस पंधरा जणांना "चला ना" म्हणतो आणि एकटाच थेटरात पोचतो. आजवर कधी घोटाळा झाला नाही.

त्या दिवशी शेजारचे गोपाळराव फाटकात भेटले. मी बेटाबद्दल सांगितलं आणि सवयीने म्हणालो, "चला ना तुम्हीपण!"

"तू एवढं म्हणून राहिला तं चलतो गा!" गोपाळराव म्हणाले. "अवं कौसल्या, ऐकलं का? समुद्रावर जायचं आहे!"

कौसल्याकाकूंनी त्याच संध्याकाळी ट्रंक माळ्यावरून खाली काढली.

आईला हे कळलं. "शेजारीपाजारी जाते, अन् मी काहून नाही? मी का घराले कुलूप आहो?"

आई म्हणजे अख्ख्या गल्लीच्या यमुताई. त्यांना नाही म्हणायची कुणाची छाती? मग आईची देखभाल करायला चारुशीलावहिनी, आणि वहिनीची बॅग उचलायला विश्वनाथदादा! सात माणसं झाली. गोपिकाचं गुणगुणणं थांबलं.

बेटाच्या मालकाला माणसं वाढल्याचं कळवलं, तर त्याचं कार्ड आलं. "जागा सहाच माणसांची. सातव्यास माडाखाली निजावे लागेल, आणि नारळ सांगून पडत नाहीत."

मला तर आनंदच झाला! आता खरा डाव. सगळ्यांना अंगणात बसवलं आणि मोठ्या त्यागाचा आव आणून म्हणालो, "मी अन् गोपिका राहतो घरी. तुम्ही जा!"

आता सगळे "छे छे, असं कसं!" म्हणणार, लाजणार आणि एकेक करून गळणार. साधा हिशेब!

"किती गुणाचा माझा लेक!" आई म्हणाली.

"असा माणूस पाह्यला नाही गा!" गोपाळरावांनी डोळे पुसले.

आणि गोपिका उठून उभी राहिली. "तुम्ही राहा. मी तं जाणार!"

"अगं, पण..."

"एक कमी झाला तं सहाच होते ना?"

हिशेब तिचाही बरोबर होता.

स्टेशनवर मी होल्डॉल चढवले, संत्र्यांची करंडी चढवली. गाडी हलली तेव्हा गोपिका खिडकीशी आली आणि अगदी हळू म्हणाली, "चला ना."

आणि मी, जन्माचा गाढव, हसत म्हणालो, "नाही नाही, तुम्ही जा!"

तिने ते रीतीने म्हटलं नव्हतं, हे माझ्या डोक्यात शिरेपर्यंत गार्डाचा डबाही निघून गेला होता. परत आलो, तर तिसऱ्या खोलीपर्यंत घर रिकामं. नऊ वर्षं ज्या शांततेसाठी झुरलो, ती आता पुरून उरत होती, आणि मला ती एक मिनिटही नको होती. मला गोपिका हवी होती.

सहाव्या दिवशी पोस्टकार्ड आलं. पोस्टमनने देतानाच सांगितलं, "वहिनी खुशाल हायेत." उघडं कार्ड, त्याने वाचलेलं होतं!

"समुद्र पाहिला. इतका मोठा असेल असं वाटलं नव्हतं. मला काही सुचेना. समुद्रावरची नजर न काढता बाजूच्या माणसाची बाही ओढली अन् म्हटलं, 'अहो, पाहा ना!' तर गोपाळराव म्हणतात, 'पाहून राहिलो ना सूनबाई!' सगळे पोट धरून हसले. मीही हसले. मग फार रडले. सगळ्यांना येथे इतकं आवडलं आहे की मुक्काम आठ दिवस वाढवला आहे. दूधवाल्याला सांगावे."

मी ते कार्ड त्या दिवशी चौदा वेळा वाचलं. कुणी विचारलंच तर सांगतो, तिचं अक्षर जरा लागत नव्हतं.