वाट्यावर पहारा

सटवाजीने चुलीपुढे बसून काडेपेटी उपडी केली आणि काड्या मोजायला सुरुवात केली. खळ्यावर धान्य मापताना पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणायची त्याची जन्माची सवय, त्यामुळे पहिली काडीही ‘लाभ’ झाली. चव्वेचाळिसावर काड्या संपल्या. मागच्या पेटीत सत्तेचाळीस निघाल्या होत्या. त्याची बायको गोजरबाई हातात गोवरी घेऊन मघापासून उभी होती.

“मोजून झालं आसंल तर एक काडी द्या,” ती म्हणाली. “चूल पेटवायची हाय.”

त्याने काडी दिली, पण त्रेचाळीस राहिल्या हे तिला ऐकवूनच दिली.

लढाई सुरू झाल्यापासून सटवाजीला जिकडेतिकडे हेच दिसत होतं. कळमनुरीच्या बाजारातून आणलेली साबणाची वडी पूर्वी महिनाभर पुरायची, आता तिच्यातून पलीकडचं दिसायचं तेवढं बाकी राहिलं होतं. चहाच्या पुडीचा कागद तेवढाच, पण हलवली की आत भुकटी एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात फिरायला जायची. किराणा दुकानदार अप्पाला विचारलं तर तो लढाईकडे बोट दाखवायचा. लढाई तिकडे साता समुद्रापार आणि साबण झिजणार कळमनुरीत, यात कुठंतरी पाणी मुरतंय, असं सटवाजीचं ठाम मत होतं. दोन वेळा तो पुडी फोडून अप्पाला दाखवायला चार कोस चालत गेला होता. दोन्ही वेळा वाटेत भुकटी सांडून पुडी आणखी कमी भरली.

हे सगळं त्याने सोसलं असतं. त्याला खरी आग लागली होती ती आखाडाच्या वाट्याची.

श्रावण लागायच्या आधी गावात दरवर्षी एक बोकड पडायचा. सोळा घरं, सोळा वाटे. मुलाणी आपलं काम करून त्याच्या हक्काचं घेऊन जायचा आणि मग उकंडराव खळ्यावर पळसाची पानं मांडून वाटे घालायचा. उकंडराव हा गावातला वडीलधारा माणूस. त्याच्याकडे ना ताजवा ना माप, नुसत्या नजरेने तो सोळा ढिगारे सारखे करायचा. मग एकजण ढिगाऱ्यांकडे पाठ करून उभा राहायचा. उकंडराव एकेका पानाला हात लावून विचारायचा, “हा कुणाचा?” आणि पाठमोरा माणूस मनाला येईल ते नाव घ्यायचा. नाव पडलं की वाटा त्याचा. कुणी कधी तक्रार केली नव्हती.

पण सटवाजी दरवर्षी घरी येऊन वाटा हातात तोलून बघायचा आणि दरवर्षी त्याला वाटायचं, कमी आहे. बोकड तर तीन वर्षं त्याच्याच कळपातला होता, त्यामुळे बोकडावर संशय घ्यायची सोय नव्हती. राहता राहिला उकंडराव. आणि एका वर्षी सटवाजीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं की, नावं पडून गेल्यावर पानं सारखी करायच्या निमित्ताने उकंडरावची बोटं त्याच्या वाट्यावरून फिरली आणि एक फोड कमी झाली.

त्यातच मागच्या आखाडाला लेकीचा सासरा, नामाजी, जावयाला घेऊन न कळवता दुपारी दारात उभा राहिला. ताटात तीन तीन फोडी आल्या. नामाजी पोटभर जेवला, हात धुतला, पान खाल्लं आणि म्हणाला, “रस्सा चांगला झाला होता बरं.”

वर्ष झालं तरी ते वाक्य सटवाजीच्या मनातून गेलं नव्हतं. मटणाच्या जेवणावर माणूस रश्शाचीच तारीफ करतो, याचा अर्थ काय तो गोजरबाईला अधूनमधून समजावून सांगायचा. आणि यंदा नामाजीने आठ दिवस आधी निरोप धाडला, की बापलेक आखाडाला येतो. सटवाजीने त्याच दिवशी ठरवलं, यंदा काहीही होवो, रश्शाची तारीफ होऊ द्यायची नाही.

तो सरळ उकंडरावच्या ओट्यावर गेला आणि म्हणाला की यंदा वाट्यावर आपला माणूस बसंल. उकंडराव तंबाखू मळत होता. त्याने मळणं थांबवलं नाही.

“काहून?”

“वाटा कमी होऊन राहिला.”

उकंडरावने मळलेली चिमूट तोंडात टाकली. काहीतरी सांगायला तो पुढे वाकला आणि पुन्हा मागे टेकला. मग म्हणाला, “बसव. पर जो खळ्यावर राबंल त्याला वाटा द्यावा लागंल. रीत हाय ती.”

रीत खरीच होती. खळ्यावर रिकाम्या हाताने कुणाला परत पाठवायचं नाही, मग खळं ज्वारीचं असो की बोकडाचं. सटवाजीने विचार केला, एक वाटा गेला तर जाऊ दे, चोरी तर थांबेल. गावातला माणूस नको, सगळे एकमेकांचे सोयरे. म्हणून तो तांड्यावर गेला आणि थावराला ठरवून आला. थावराची नजर अशी, की चरायला गेलेल्या शंभर जनावरांतलं लंगडं कोणतं ते तो टेकडीवरून सांगायचा.

घरी आल्यावर त्याच्या डोक्यात आलं की थावरा नुसता हात बघणार, वजन कोण बघणार? तो अप्पाच्या दुकानी ताजवा मागायला गेला. अप्पा गळ्यात लिंग घालणारा, लसूणसुद्धा लांबून ओळखणारा माणूस. मटण हा शब्द ऐकल्याबरोबर त्याने ताजवा उचलून मांडीवर घेतला. या ताजव्याला ते लागलं असं कळलं तर कळमनुरीपासून औंढ्यापर्यंत कुणी माझ्याकडून साखर घेणार नाही, असं तो म्हणाला आणि सटवाजी दुकानातून बाहेर पडेपर्यंत त्याने ताजवा खाली ठेवला नाही.

मग सुताराला गाठलं. त्याने बाभळीची दांडी तासून दोन टोपल्यांचा ताजवा करून दिला. तो खळ्यावर धरायला सुतारच पाहिजे, कारण दांडी मधे कुठं धरायची ते त्यालाच ठाऊक. म्हणजे अठरा वाटे झाले. मापाला वजनं नव्हती, म्हणून सटवाजीने ओढ्यातून एक गुळगुळीत दगड निवडला. लहानपणी बाप आणायचा तो वाटा आठवून आठवून, चार दगड हातात तोलून त्याने तो पसंत केला. दगडावर त्याने खूण केली. पण खूण केलेला दगडही कुणी बदलू शकतं, हे त्याला दुपारी जेवताना सुचलं आणि घास तोंडातच राहिला. संध्याकाळी तो जुना जमादार धर्मसिंग याला दगडाच्या राखणीला सांगून आला. एकोणीस.

गोजरबाई हे सगळं ऐकत होती. शेवटी न राहवून ती म्हणाली, “आवं, उकंडभाऊंला आपलं काम करू द्या की. पाव्हनं येनार ते मी आशाबाईला सांगून ठिवलंय.” आशाबाई म्हणजे उकंडरावची बायको. पाहुणे येणार हे तिला सांगून वाटा कसा वाढणार, हे सटवाजीला कळेना. त्याने गोजरबाईकडेसुद्धा जरा निराळ्या नजरेने बघून घेतलं.

आखाडाचा दिवस उजाडला. बोकड पडला, मुलाणी आपलं घेऊन गेला. खळ्यावर पानं मांडली गेली. थावरा उकंडरावच्या अगदी समोर उकिडवा बसला आणि त्याच्या बोटांवर डोळे रोखले. धर्मसिंगने पुढ्यात कापड पसरून त्यावर दगड ठेवला आणि काठी आडवी धरली. सुताराने दांडी उचलली. उकंडरावने हे सगळं पाहिलं आणि शांतपणे सांगितलं की आजवर आपण फुकट राबलो, पण आज सगळेच मजुरीचे दिसतात, तर आपलाही एक वाटा जास्तीचा धरा. त्याने स्वतःच आणखी एक पान मांडलं. वीस.

तोलायला सुरुवात झाली. पहिल्या टोपलीत दगड, दुसऱ्या टोपलीत मटण. लाभ, दोन, तीन. तेराव्या पानावर मटण संपलं.

सगळे सटवाजीकडे बघू लागले. उकंडराव म्हणाला, “दगड मोठा हाय. लहान बघ.”

सटवाजी ओढ्यावर गेला. या वेळी बापाचा वाटा आठवून भागण्यासारखं नव्हतं. सात पानं रिकामी पडली होती. त्याने एक मध्यम दगड आणला. त्याच्यावर नवी खूण करावी लागली, धर्मसिंगने ती तपासून जुन्या दगडाचा ताबा सोडला आणि नव्याचा घेतला. सगळं मटण पुन्हा एकत्र करून पुन्हा तोललं. उन्हं वर चढली होती. माशा घोंगावत होत्या आणि लोक पोटावर हात फिरवत होते. पण विसाव्या पानावर शेवटची फोड पडली आणि काटा बराबर आला.

तेवढ्यात मागच्या रांगेतलं एक पान हललं. थावरा उकंडरावच्या हातांकडे बघत होता. धर्मसिंग दगडाकडे बघत होता. सुतार दांडीकडे आणि सटवाजी सुताराकडे. मटणाकडे बघायला कुणी नेमलेलंच नव्हतं, हे फक्त एका कुत्र्याच्या ध्यानात आलं होतं. लोक ओरडले तोवर ते पानासकट ओढ्यापलीकडे गेलं.

आता ते पान कुणाचं? नाव पडेपर्यंत वाटा कुणाचाच नसतो आणि म्हणून गेला तर सगळ्यांचाच जातो, ही रीतही जुनीच होती. पुन्हा सगळं एकत्र करावं लागलं.

“लहान बघ,” उकंडराव म्हणाला.

तिसऱ्या वेळी सटवाजी ओढ्यावर बराच वेळ लहान दगड शोधत हिंडला. जो दगड हातात घ्यावा तो मोठाच वाटत होता. शेवटी त्याने जो आणला तो मुठीत मावत होता. धर्मसिंगला तो राखायला काठी लागली नाही, त्याने तो खिशात टाकला.

नावं पडली. सटवाजीचा वाटा पानात बांधून हातात आला तेव्हा पान मोठं वाटत होतं. त्याने उकंडरावच्या हातांकडे शेवटपर्यंत पाहिलं होतं आणि थावरानेही. एकही फोड इकडची तिकडे झाली नव्हती. असं चोख वाटप गावात पूर्वी कधी झालं नव्हतं, आणि एवढं थोडं मटणही कुणाच्या घरी गेलं नव्हतं.

तो निघाला तेव्हा उकंडराव हात धुवत होता. तो हळू आवाजात म्हणाला, “सटवा, ज्या घरी जावई येनार नाहीतर बाळंतीन आसंल, त्या घरच्या पानात मी दरसाली सगळ्यांची एकेक फोड टाकतो. माझ्या आधी माझा बाप टाकायचा. बायका आशाबाईला सांगून ठिवतात, ती मला घर सांगती. बोलून दाखवलं तर देनारा हात आखडतो आन् घेनाऱ्याला लाज वाटती, म्हनून कुना गड्याला सांगत न्हाई. तुझ्या पानातली मी घेतली व्हती, खरं हाय. यंदा तुझं घर व्हतं.”

“मग टाकली काहून न्हाई?”

“थावरा बघून राहिला व्हता.”

सटवाजीला आता सगळा उलगडा झाला. सोळा घरांतल्या बायकांना हे माहीत होतं आणि सोळा घरांतल्या गड्यांपैकी एकट्या उकंडरावला. गोजरबाईने तर तोंडाने सांगितलंही होतं. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की हातातलं पान उकंडरावच्या ओट्यावर ठेवून पळून जावं असं वाटलं. पण पाहुणे वाटेवर होते. पान घेऊन तो घरी आला. गोजरबाईने ते उघडलं, नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि रश्शात पाण्याचा मोठा तांब्या ओतला.

दुपारी नामाजी आणि जावई जेवायला बसले. सटवाजी वाढणाऱ्या पळीकडे न बघता भिंतीकडे बघत होता. जावयाच्या ताटात तीन फोडी पडल्या, नामाजीच्या ताटात दोन, आणि आपल्याला पोटाची तकलीफ आहे असं सटवाजीने आधीच सांगून टाकलं होतं. नामाजी सावकाश जेवला. भाकरी कुस्करून कुस्करून तीन वेळा रस्सा मागून घेतला. हात धुतला, पान तोंडात टाकलं. सटवाजीने मन घट्ट केलं.

“रस्सा चांगला झाला होता बरं,” नामाजी म्हणाला.

थोड्या वेळाने नामाजी जरा सरकून जवळ आला आणि खालच्या आवाजात सांगू लागला, “तुमाला म्हनून सांगतो पाव्हनं. आमच्या गावातबी वाटा लहान होऊन राहिलाय. जो वाटे घालतो त्याचा हात मला बराबर वाटत न्हाई. गेल्या साली माझ्या पानातली फोड उचलताना मी पायली. पुढच्या आखाडाला नजर ठिवायला एक मानूस बसवावा म्हनतो.”

सटवाजीने दाराकडे पाहिलं. गोजरबाई दाराआड उभी होती.

“पुढच्या आखाडाला आमाला बलावनार ना?” त्याने विचारलं.

“म्हंजे काय? दोघंबी या.”

“मग मानूस बसवू नका,” सटवाजी म्हणाला. “आन् आमी येनार हाव ते त्या वाटे घालनाऱ्याच्या बायकोला आठ दिवस आगुदर सांगून ठिवा.”