सूप नको, परीक्षा आहे

ग्वाक देहोच्या गळ्यातली गाठ वार्षिक तपासणीच्या सोनोग्राफीत सापडली. रक्त तपासलं, तर थायरॉइड गरजेपेक्षा जास्त काम करतोय असं निघालं.

"गाठीत सुई घालून नमुना घेण्याआधी स्कॅन करू," डॉक्टर म्हणाले. "गाठीनं आयोडीन भरपूर शोषलं, तर कॅन्सरची शक्यता फारच कमी. नाही शोषलं, तर सुई. तोवर दोन आठवडे समुद्री शेवाळ, मासे, समुद्री मीठ बंद. अंगात आधीच आयोडीन असलं तर स्कॅनमध्ये धड काही दिसायचं नाही."

कॅन्सर म्हटल्यावर देहो पांढराफटक पडला. बायको मीरानला मात्र तारखेचा घोर लागला. मध्येच देहोचा वाढदिवस होता, आणि वांदो बेटावरून सासूबाई येणार होत्या. त्यांच्या देशात वाढदिवसाला शेवाळाचं सूप तर घरोघरी करतात. सासूबाईंची स्वतःची शेवाळाची शेती होती.

"आईला कळता कामा नये," देहोनं बजावलं. "ती हायच खाईल."

सासूबाई पोतंभर शेवाळ घेऊन उतरल्या. वाढदिवसाच्या सकाळी वाफाळतं वाडगं देहोच्या नाकाखाली आलं.

"नको गं आई, भूक नाही."

"भूक नाही? तुला जन्म दिल्यावर महिनाभर हेच पीत होते मी! पी मुकाट्यानं!"

"आई, परीक्षा आहे त्यांची!" मीरान ओरडली. "इमारतीचा मॅनेजर होण्याची!"

वाडगं जागच्या जागी थांबलं. परीक्षेच्या तोंडावर असला बुळबुळीत पदार्थ? माणूस घसरणारच! सासूबाईंनी सूप झटकन उचललं. मीरानला आपल्या हुशारीचं कौतुक वाटलं, पण ते फार टिकलं नाही.

परीक्षार्थी यशाला चिकटून राहावा म्हणून शेजारीपाजारी चिकट मिठाया घेऊन आले. खालच्या मजल्यावरचे निवृत्त मॅनेजर पुस्तकं घेऊन आले आणि रोज संध्याकाळी तोंडी परीक्षा घेऊ लागले. गळा चाचपत देहोनं पाण्याच्या टाक्यांचे नियम पाठ केले. बिचाऱ्याला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं.

स्कॅनच्या सकाळी सासूबाई तयार होऊन दारात उभ्या.

"केंद्र फार लांब आहे, आई," मीरान म्हणाली.

"असू दे." त्या टॅक्सीत बसल्या आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "मोठ्या इस्पितळात घ्या."

इस्पितळाच्या फाटकाशी उतरून सासूबाईंनी पिशवीतून चिकट मिठाईचा गोळा काढला आणि फाटकावर थापला, जसा परीक्षार्थींच्या आया परीक्षा केंद्राच्या फाटकावर थापतात.

"आई, तुला कसं..."

"कुठल्या परीक्षेला मीठसुद्धा वर्ज्य असतं रे? आमच्या गावच्या अर्ध्या बायका या परीक्षेला बसल्यात. जा आत."

गाठ स्कॅनमध्ये ठळक उजळली. "सुईची गरज नाही," डॉक्टर म्हणाले. "जास्त काम करणाऱ्या थायरॉइडवर औषध देतो. शेवाळही आता चालेल, पण बेतानं."

घरी आल्याबरोबर सासूबाईंनी सूप चढवलं. दोन वाडगी भरून एक देहोपुढे सरकवलं आणि दुसरं स्वतः तोंडाला लावलं. शेवाळाशिवाय दिवस न काढणारी ती बाई वाडगं रिकामं करूनच थांबली.

"मीसुद्धा इतके दिवस शेवाळाला शिवले नव्हते," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "म्हटलं, उगाच पोरगं घसरायला नको."