कात्री लावू नये

२०२३ साली मी चौऱ्याहत्तर वर्षांचा होतो आणि भिकाजी शहात्तरचा. त्या वयात त्याने ऑनलाइन धंदा काढला. पण आधी त्याची दोऱ्याची खोड सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. भिकाजी आयुष्यात दोरा कापत नाही. मिठाईच्या खोक्याचा नाही, फुलांच्या पुडीचा नाही. पायाचे टाके काढायला नर्सबाईंनी कात्री उचलली, तर म्हणाला, "बाई, कापू नका. मी सोडवून देतो."

आम्ही दोघं परळच्या एकाच गिरणीत साच्यावर कापड विणायचो. राहतोही भोईवाड्याच्या एकाच चाळीत, मध्ये तीन दारं. माझी चौथी, त्याची सातवी, म्हणून तो स्वतःला शिकलेला समजतो. साच्यावर धागा तुटला की अशी बारीक गाठ मारायचा, की कापडात ती शोधून दाखवणाऱ्याला चहा कबूल केला होता. कोणाला पाजावा लागला नाही. माझी गाठ त्याच्यापेक्षा लवकर व्हायची, हे तो मान्य करत नाही, ते असो.

बायको गेल्यावर त्याची मुलगी सुनंदा 'बदलापूरला चला' म्हणून मागे लागली. "बाबा, दिवसभर भिंतीकडे बघत बसता."

"भिंतीकडे नाय गो. कंदील करतंय."

खरंच करायचा. बांबूच्या काड्या, रंगीत कागद, खळ. घडी घातली की वहीएवढा होणारा कंदील. चाळीत सगळ्यांना फुकट. शेवटी सुनंदानेच फोनवर त्याचं दुकान उघडून दिलं आणि अट घातली: दिवाळीपर्यंत धंदा चालला तर राहा, नाहीतर खोलीला कुलूप लावून माझ्याकडे.

दुकान उघडणं म्हणजे नुसतं शटर वर करणं नव्हे. फोटोसाठी हा इस्त्रीचा शर्ट घालून कंदिलाशेजारी उभा.

"बाबा, फक्त कंदील हवाय."

"आणि तो केल्यान कोणी, ता कसा कळतला?"

बँकेचं झालं, पॅनकार्डाचं झालं. आवडला नाही तर माल परत घेणार का, या प्रश्नाशी मात्र तीन दिवस अडला. "आवडलो नाय तर परत? मुलगी बघूक इलेत काय?"

ऑर्डरी येऊ लागल्या. कंदील पुठ्ठ्याच्या खोक्यात, खोक्याला सुतळी, सुतळीला सात गाठी, आणि वर तांबड्या शाईने: कात्री लावू नये.

मी म्हटलं, "भिक्या, लोकांना हे सुटायचं नाही."

"लोकांका गाठ सोडूक येना नाय, तेका मी काय करू?"

मग गिऱ्हाइकं लिहायला लागली. सुनंदा वाचून दाखवायची. "कंदील कसा आहे माहीत नाही, पार्सल मजबूत आहे." एकाने रागाने कात्री घातली, ती आतल्या कंदिलातून गेली. पाच तारे होते, ते दोनावर आले. एक खोकं तर न उघडताच परत आलं. सुनंदाने कळवलं, रविवारी न्यायला येते.

भिकाजी काड्या बाजूला सारून भिंतीकडे बघत बसला. गिरणी बंद झाली त्या दिवशीही असाच बसला होता, म्हणून मला भीती वाटली.

परत आलेलं खोकं मीच उघडायला घेतलं. पाच गाठी सुटल्या. दोन त्याने न बघता सोडवल्या. आत कंदिलावर चिठ्ठी होती.

"गाठ सोडण्यास फास मागे ढकलावा. न सुटल्यास फोन करावा. मी घरीच असतो. सकाळी, दुपारी, संध्याकाळी." खाली नंबर.

"अरे शहाण्या, ही चिठ्ठी आत?"

"भायर लावलंय तर भिजात ना!"

"सगळ्या खोक्यांत घातलीस?"

"सगळ्यांत." मग खाली बघून म्हणाला, "एकाचोय फोन इलो नाय."

सहा पार्सलं बांधून तयार होती. मी तोच मजकूर सहा वेळा मोठ्या अक्षरात लिहिला, खोक्यांवर बाहेरून डकवला, वर चिकटपट्टी मारली आणि खोकी त्याच दिवशी पाठवून दिली. 'अक्षर आसा की बैलगाडी?' म्हणाला. म्हणू दे. लांबून वाचता येतं.

रविवारी सुनंदा आली. त्याचे कपडे बॅगेत भरत होती, तेवढ्यात फोन वाजला. नाशिकची एक बाई. "आजोबा, फास म्हणजे नेमका कोणता?"

भिकाजी ताठ बसला. एकदम शाळामास्तरासारखा. "ताई, टोक डाव्या हातात धरा. ओढू नका, ढकला. हां, आता उजवीकडचं." तिकडून पोरं ओरडली, "सुटली!" पुढे अर्धा तास त्याने तिला तीच गाठ मारायला शिकवली, फराळ झाला का विचारलं, सासूचे गुडघेही विचारले. फोन ठेवतो तोच दुसरा.

सुनंदा हातात सदरा धरून उभी होती. तिने तो परत खुंटीला लावला.

"राहा," म्हणाली. "दर रविवारी मीच येईन."

माझा जीव भांड्यात पडला. हा गेला असता तर मी भांडलो कोणाशी असतो?

ती गेल्यावर भिकाजी म्हणाला, "शिवा, घसो बसलो रे आज. महिनाभर मिळून इतक्या बोलूक नाय."

आणि मी तीन दारांवर राहतो. संध्याकाळी माझ्याकडे टीव्ही असतो, नातवंडं असतात, दार लोटलेलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझी खुर्ची उचलली आणि त्याच्या दारात नेऊन ठेवली.

"काय रे, खुर्ची घेऊन खंय?"

"तुझ्या गाठी हल्ली ढिल्या पडतात," मी म्हटलं. "सुतळी आण इकडे."