नारळाच्या मापाचा मुकुट

हलव्याचे दागिने करण्यात अवघड असं काही नाही, असं गोपाळकृष्णांनी फोनवर मुलीला ठणकावून सांगितलं.

"एकतीस वर्षं दर संक्रांतीला बघतोय मी."

"बघताय ना, बाबा. केलेत कधी?" कादंबरी हैदराबादहून म्हणाली.

"तारा कोण कापायचं? पुठ्ठे कोण कापायचं?"

"ते तुम्ही कापायचात. बाकी सगळं आई करायची."

यावर रेंज नसल्याचं कारण देऊन गोपाळकृष्णांनी फोन ठेवला. फोन लँडलाइन होता.

खरं तर त्यांना दुकान बंदच करायचं होतं. दुकान म्हणजे इंटरनेटवरचं एक पान. कादंबरीने नोकरी लागल्यावर आईसाठी ते केलं होतं आणि त्यावर 'श्यामलाताईंचा हलवा' असं नाव टाकलं होतं. श्यामलाबाई ऑगस्टमध्ये गेल्या. पान तसंच राहिलं आणि जानेवारी लागताच त्यावर एक ऑर्डर येऊन बसली.

गोपाळकृष्ण 'रद्द करा' दाबायला गेले, तर पानाने कारण विचारलं. खाली तीन कारणं दिलेली होती. माल संपला. किंमत चुकली. पत्ता सापडत नाही. गोपाळकृष्णांनी ती तीनदा वाचली. माल संपला म्हणावं, तर घरात चार किलो साखर होती. किंमत बरोबर होती. पत्ता वाघोलीचा होता आणि वाघोली होती तिथेच होती. श्यामला गेली, असं कारण कुठेच नव्हतं. खोटं लिहिणं त्यांना जमलं नाही, म्हणून त्यांनी 'स्वीकारा' दाबलं.

पानाच्या तळाशी सव्वीस गिऱ्हाइकांनी अभिप्राय लिहिले होते. सव्वीसही चांगले. गोपाळकृष्णांनी ते सगळे वाचून काढले. सत्ताविसावा वाईट आला, तर तो श्यामलाच्या नावावर जाणार होता.

ऑर्डरीत मजकूर असा होता: 'आमच्या माऊलीची पहिली संक्रांत. डोकं जरा मोठं आहे. हट्टी आहे, टोचलं तर काढून फेकेल. गोड फार आवडतं. सुशीलाबाई.'

श्यामलाबाई ऑर्डर आली की गिऱ्हाइकाला फोन करायच्या. कोण, केवढं, रंग कसा, माहेर कुठलं, वीस-वीस मिनिटं. "दागिने करायचेत की लग्न जमवायचंय?" असं गोपाळकृष्ण दर वेळी म्हणायचे. आता त्यांनी ठरवलं, फोनबिन करायचा नाही. सगळं लिहिलंय की! बाळ आहे, डोकं मोठं आहे. म्हणजे मुकुट, बासरी, वाळे, कमरपट्टा.

प्रश्न एवढाच होता, की बाळाचं डोकं असतं केवढं? घरात बाळ होतं, त्याला आता बत्तीस वर्षं झाली होती आणि ते हैदराबादला होतं. गोपाळकृष्ण पिशवी घेऊन मंडईत गेले. नारळवाला पोपट ओळखीचा होता.

"एक वर्षाच्या बाळाच्या डोक्याएवढा नारळ द्या."

पोपटने वर पाहिलं. "मुलगा का मुलगी?"

"मुलगा. डोकं जरा मोठं आहे."

"शेंडी ठेवू का काढू?"

"काढा. माप चुकेल."

पोपटने चार नारळ हातात घेऊन पाहिले आणि त्यातला एक पुढे केला. "हा घ्या. शांत आहे. रडणार नाही."

हलव्याचा पहिला घाणा गोपाळकृष्णांनी सकाळी नऊला लावला. मंद गॅसवर परात, परातीत तीळ आणि त्यावर वाटीभर पाक. दहा वाजता परातीत चिक्की तयार झाली. दुसऱ्या घाण्यात दाणे सुटे झाले, पण असे गुळगुळीत, की होमिओपॅथीच्या बाटलीत भरावेत. काटा एकाही दाण्याला नाही. काटा नसलेला हलवा म्हणजे नुसत्या साखरेच्या गोळ्या.

ते परातीसमोर बसून राहिले. कंपनीने त्यांना त्र्याण्णव साली स्वेच्छानिवृत्ती दिली होती. स्वेच्छा कंपनीची होती. त्या हिवाळ्यात श्यामलाबाईंनी पहिल्यांदा घराबाहेरची ऑर्डर घेतली आणि याच ओट्याशी उभ्या राहिल्या. अर्धा चमचा पाक टाकायचा आणि मग पाच मिनिटं नुसता हात फिरवायचा. पुन्हा अर्धा चमचा. पंखा बंद. गोपाळकृष्ण दारात उभे राहून म्हणायचे, "अगं, वाटीभर ओत की एकदाच." आणि त्या म्हणायच्या, "तुम्ही तारा कापा."

तिसऱ्या घाण्याला त्यांनी अर्धा चमचा पाक घातला. मग पाच मिनिटं हात फिरवला. बोटं भाजली. दुपारचं जेवण राहिलं. संध्याकाळी पाचला एका दाण्याला बारीक काटा फुटला. गोपाळकृष्ण चष्मा पुसून पुन्हा बघायला वाकले, तर शेजारच्याही दाण्याला होता.

"जमलं हं," ते मोठ्याने म्हणाले. स्वयंपाकघरात कोणी नव्हतं.

दागिने गुंफायला आणखी चार दिवस लागले. मुकुट नारळावर असा चपखल बसला, की त्यांनी नारळाला बासरीही लावून पाहिली. कुरिअरवाला म्हणाला, तुटलं तर जबाबदारी आमची नाही. मग रविवारी गोपाळकृष्ण स्वतःच खोकं मांडीवर घेऊन वाघोलीच्या बसमध्ये बसले. तारेची पक्कड सवयीने खिशात होती.

सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये तीस-चाळीस बायका हळदीकुंकवाला जमल्या होत्या. दार उघडलं ते सुशीलाबाईंनी. बाई अमरावतीकडच्या होत्या.

"या ना जी, या. श्यामलाताई काहून नाही आल्या?"

गोपाळकृष्णांनी चपला काढायला खूप वेळ घेतला. "यंदा त्यांना जमलं नाही," ते म्हणाले. "बाळ कुठाय?"

"कोणतं बाळ?"

"माऊली."

"तो काय, तिथं बसला."

चौरंगावर सहा फुटांचा, दाढीवाला, झब्बा घातलेला एक तरुण बसला होता. शेजारी काळ्या साडीत त्याची बायको अपेक्षा. तिचे हलव्याचे दागिने माहेरून आले होते, केसांतल्या वेणीपासून कमरपट्ट्यापर्यंत सगळे बरोबर मापाचे. हे लग्न मे महिन्यात झालेलं होतं आणि ही त्या लग्नाची पहिली संक्रांत होती.

सुशीलाबाईंनी खोकं उघडलं आणि मुकुट काढून मुलाच्या डोक्यावर ठेवला. मोठ्या हंड्यावर पेल्याचं झाकण ठेवावं, तसा तो दिसला. बायका सगळ्या मिळून जे हसल्या, ते लिफ्टपर्यंत ऐकू गेलं असेल.

"काहून हो काका, एवढुसा?" सुशीलाबाई म्हणाल्या. "मी लिहिलं होतं ना, डोकं मोठं आहे म्हणून?"

"बाळाच्या मानाने मोठंच केलंय."

"आई, तू ऑर्डरमध्ये वय नाही टाकलंस?" माऊली म्हणाला.

"पोटच्या पोराचं वय काय लिहायचं?"

"चिल, काका," माऊली म्हणाला. "फोटो एकदम फनी येतील. ग्रुपवर टाकतो."

"माझ्या मैत्रिणी मरतील हसून," अपेक्षा म्हणाली आणि तिने मोबाइल काढला.

गोपाळकृष्णांना ते सव्वीस अभिप्राय आठवले. त्यांनी पुढे होऊन मुकुट काढून घेतला.

"फोटो अर्ध्या तासाने," ते म्हणाले. "ज्यांना हसायचंय त्यांनी तोवर हसून घ्यावं. मला एक सतरंजी द्या."

मग ते तिथेच खाली बसले आणि खिशातून पक्कड काढली. हलवा त्यांना आठवड्यापूर्वी येऊ लागला होता, पण तारा ते एकतीस वर्षं कापत होते. मुकुट उलगडून त्याचा हार झाला. हार आखूड पडला, म्हणून त्याला वाळे जोडले. कमरपट्ट्याचं मनगटावर घड्याळ झालं आणि बासरी अर्धी कापून खिशाला पेन झालं. एकही काटा मोडला नाही. बायका हळदीकुंकू सोडून त्यांच्याभोवती गोळा झाल्या होत्या.

"ताईंनी शिकवलं?" सुशीलाबाईंनी विचारलं.

"तारा कापायला त्यांनी मला बसवलं होतं," गोपाळकृष्ण म्हणाले. "बडबड करू नये म्हणून."

निघताना सुशीलाबाईंनी त्यांच्या हातात तिळगुळाच्या दोन पुड्या दिल्या. "ही तुमची. ही ताईंची. त्यांनाच द्या, तुम्ही नका खाऊ."

ती पुडी त्यांनी घरी फोटोसमोर ठेवली आणि खाल्ली नाही.

दुसऱ्या दिवशी पानावर सत्ताविसावा अभिप्राय आला. 'हलवा गोड. काटे सुंदर. ताईंना जमलं नाही, म्हणून त्यांनी मिस्टरांना पाठवलं. माणूस रागीट आहे, पण हात चांगला. पुढच्या वर्षी बाळाचा सेट लागेल, तेव्हा यांनाच पाठवा. मापाबद्दल एक तारा कमी.'

अपेक्षाला ही बातमी आहे की नाही, कोण जाणे. गोपाळकृष्णांनी तो एक तारा कमी बराच वेळ पाहिला. मग पिशवी घेऊन ते तडक मंडईत गेले.

"तुमचा नारळ लहान निघाला."

"बाळ केवढं होतं?" पोपटने विचारलं.

"एकोणतीस वर्षांचं."

पोपटने मान वर न करता शेजारच्या गाळ्याकडे बोट दाखवलं.

"मग माझ्याकडे कशाला आलात? भोपळे तिकडे मिळतात."