पहिली शिफ्ट, बहात्तर टक्के

मुलांनो, एक कल्पना करा. तुम्ही अकरा वर्षांचे आहात. तुम्ही स्वतः एक चाल बांधली आहे, आठ जणांनी मिळून वाजवायची. रविवारी सकाळी दहाला ती निगडीच्या बागेत वाजवायची आहे आणि ऐकायला सगळं सेक्टर, म्हणजे आपली अख्खी वसाहत, येणार आहे. आणि हे सगळं ज्यांच्या भरवशावर आहे ते तुमचे आजोबा. त्यांना स्वस्थ बसता येत नाही. झाली कल्पना? आता दर पाच मिनिटांनी घड्याळाकडे बघा. हं, बरोबर. माझी नात, स्वरूपा, तेच करत होती.

ते आजोबा म्हणजे मी. चौतीस वर्षं पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूमला फोरमन होतो. आता घरी मुलांना पेटी शिकवतो.

अडचण अशी होती. स्वरूपा कॉम्प्युटरवर एका फुकट सॉफ्टवेअरमध्ये स्वर लिहिते. पाच रेघा आणि त्यांवर काळे ठिपके. पण तिच्या बाकीच्या सात वादकांना ठिपके वाचता येत नाहीत. त्यांना ठिपक्याखाली सा, रे, ग, म लागतात. ते छापायला जावं, तर अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन! हातानं लिहायचं तर चोवीस पानं, आणि ही बाई रोज चाल बदलते.

ते सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी ही चूक दुरुस्त केली होती, पण दुरुस्त केलेलं तयार रूप महिन्याभरानं येणार होतं. सोर्स मात्र आजच सगळ्यांना खुला होता. सोर्स म्हणजे ड्रॉइंग, मुलांनो. ड्रॉइंग हातात असलं की पार्ट आपला आपण काढता येतो. त्यालाच म्हणतात बिल्ड करणं. आणि मी चौतीस वर्षं दुसरं काय केलं?

"शनिवारपर्यंत विंडोज, मॅक, लिनक्स, तिन्हींवर चालवून दाखवतो," मी बुधवारी दुपारी जेवताना जाहीर केलं. "ज्याच्या घरी जे असेल, त्यावर चालेल!"

"एकावर चाललं तरी पुरे आहे, बाबा," नीला म्हणाली. नीला माझी सून. ती घरूनच कंपनीचं काम करते. तिच्या बोलण्यात मला अनुभवाबद्दल अनादर दिसला.

विंडोजसाठी माझे मित्र सोपानराव मुलाचा लॅपटॉप घेऊन पुनावळ्याहून स्कूटरवर आले. ते चाकणच्या कारखान्यात, पत्र्याचे पार्ट दाबून काढणाऱ्या प्रेस शॉपमध्ये होते, माझ्यासारखेच निवृत्त. मी मोठ्या हौसेनं 'स्वरूपाची चाल' असं मराठी नाव देऊन फोल्डर केला आणि सगळा सोर्स त्यात उतरवला. दोन तास पडद्यावर चुका सांगणाऱ्या लाल अक्षरांचा पाऊस! संध्याकाळी स्वरूपानं सूचनांचं पान उघडून दाखवलं. दुसऱ्याच ओळीत लिहिलं होतं, की फोल्डरचं नाव फक्त इंग्रजी अक्षरांत असावं. सूचना वाचायची सवय मला कधीच नव्हती, त्या मी लिहीत असे. तोवर सोपानरावांचा मुलगा शेखर घरी परतला होता आणि लॅपटॉपसाठी तिसरा फोन करत होता.

गुरुवारी मॅक. तो नीलाचा, जुना. ती चहा करायला उठली तेवढ्यात मी बिल्ड सुरू करून दिलं, पूर्ण ताकदीनं. मग तिची मीटिंग सुरू झाली. लॅपटॉपचा पंखा असा घोंघावू लागला, की तिच्या साहेबांनी विचारलं, तुम्ही विमानतळावर आहात का? तिनं बिल्ड बंद केलं, मॅक उचलला आणि बेडरूमचं दार आतून लावून घेतलं. ते मी पुढे दोन दिवस उघडं पाहिलं नाही.

उरला हॉलमधला जुना डबा, म्हणजे आमचा घरचा कॉम्प्युटर. त्यावर लिनक्स आहे. याच्यावर बिल्डला अकरा तास लागतील, असा स्वरूपाचा हिशेब होता.

"अकरा तास म्हणजे एका शिफ्टचं काम न्हाई, यशवंतराव," सोपानराव म्हणाले. "दोन शिफ्टा लावू."

ठरलं! पहिली शिफ्ट सात ते तीन, मी. दुसरी तीन ते नऊ, सोपानराव. तिसरी रद्द, कारण दोघांनाही गोळ्या घेऊन झोपावं लागतं. कॉम्प्युटरशेजारी दोरीला बांधलेलं रजिस्टर ठेवलं. निवृत्तीच्या दिवशी कारखान्यातून आणलेला माझा लाल टॅगही कपाटातून काढला. 'धोका. यंत्राला हात लावू देऊ नये.' स्वरूपानं विचारलं, हा कुठं लावायचा? मी तिला नीट समजावलं. शिकवण्यात मी कधी आळस करत नाही. म्हटलं, "ज्याच्यापासून धोका आहे, त्याच्यावर."

शुक्रवारी सातला बिल्ड सुरू केलं. पडद्यावर टक्के चढू लागले. तुम्ही कधी दूध तापताना पाहत उभे राहिलात? तसे आठ तास! मी हॉलमध्ये फेऱ्या मारल्या, बरण्यांची झाकणं घट्ट केली, पेटीच्या पट्ट्या पुसल्या. तीन वाजता बहात्तर टक्के. रजिस्टरमध्ये लिहिलं, सही केली, चार्ज दिला आणि डुलकी काढायला गेलो.

उठतो तर सोपानराव तापलेले. "यशवंतराव, मी बसलो तवा आकडा शून्य हुता. पहिली शिफ्ट आकडे फुगवून लिहिते. आमच्या चाकणला बी हेच व्हतं."

चौतीस वर्षांत माझ्या आकड्यावर कोणी बोट ठेवलं नव्हतं. रात्री नऊला त्यांनी चोपन्न टक्के लिहिले आणि कॉम्प्युटर बंद करून गेले. शनिवारी सकाळी मी सुरू केला, तर आकडा शून्य!

मी फोन लावला. म्हटलं, "दुसरी शिफ्ट काम करते की नुसता चहा पिते?" पलीकडून जे उत्तर आलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. तुम्ही लहान आहात.

शनिवारी तीन वाजले. आकडा त्र्याहत्तर. सोपानराव आले, पण माझ्याकडे न बघता मोजे काढत बसले. स्वरूपा सकाळपासून खिडकीत होती. काळेवाडीचा तिचा बासरीवाला गणराज तीनदा फोन करून पानं मागत होता. बोटं बसायला एक संध्याकाळ तरी हवी, असं त्याचं म्हणणं. तिनं फोन ठेवला आणि रजिस्टर उघडलं. मी नेहमीप्रमाणे शेवटचं काम करायला की-बोर्डकडे वळलो.

"थांबा आजोबा," ती म्हणाली. "हे काय लिहिलंय? 'बहात्तर टक्के. मशीन साफ करून चार्ज दिला.' साफ म्हणजे?"

"साफ म्हणजे साफ," मी म्हणालो. "शिफ्ट संपली की मशीनवरचा लोखंडाचा कीस झाडायचा, मशीन चकचकीत करून पुढच्याच्या ताब्यात द्यायचं. इथे त्यासाठी 'क्लीन' असा हुकूमच आहे. इतका चांगला हुकूम पाहिला नव्हता मी."

"मी बी रोज देतो की," सोपानराव मोजा हातात धरून म्हणाले. "घाण मशीन देणारा माणूस न्हाई मी."

स्वरूपा आमच्याकडे आळीपाळीनं बघत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "आजोबा, 'क्लीन' जे पुसून टाकतं तो कीस नाही. ते तयार झालेले पार्ट आहेत."

सोपानरावांनी मोजा परत पायात घातला. माझं एक बोट अजून की-बोर्डच्या वर होतं. आकडा चौऱ्याहत्तर झाला.

स्वरूपानं टेबलावरचा लाल टॅग उचलला. मी म्हणालो, शाब्बास, लाव कॉम्प्युटरला. ती कॉम्प्युटरला वळसा घालून आली आणि टॅग माझ्या गळ्यात अडकवला. सोपानराव इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग तिनं वहीचं लाल पुठ्ठ्याचं कव्हर कापलं, त्याला दोरा ओवला, आणि त्यांचं हसू थांबलं.

आम्ही दोघं सोफ्यावर हात मांडीवर ठेवून बसलो. सहाला दहा कमी असताना शंभर झाले. सात वाजता नीला बेडरूमचं दार उघडून बाहेर आली, तेव्हा चोवीस पानं छापून झाली होती. प्रत्येक ठिपक्याखाली सा, रे, ग, म, एकही चौकोन नाही. कोणी बघत नाही असं पाहून मी टॅगसकट उठलो आणि रजिस्टर उघडलं. शेवटची नोंद नातीच्या अक्षरात होती.

'शनिवार, तीन वाजता. शिफ्ट तिसरी, ऑपरेटर स्वरूपा. दोन जुनी मशीनं बंद करून ठेवली. काम सुरळीत चालू.'