श्रीपादरावांचा झाडपाल्याचा लेप

"क्रीमबीम काही आणायचं नाही," श्रीपादरावांनी शनिवारी सकाळी चहाच्या टेबलावर जाहीर केलं. "उद्या चार वाजेपर्यंत या मुलाचा चेहरा लोण्यासारखा नाही झाला, तर माझं नाव बदला!"

या हिशेबाने त्यांचं नाव आतापर्यंत निदान वीस वेळा बदलायला हवं होतं. पण गीताबाईंनी लग्नानंतर एकदाच नाव बदललं होतं, तेही स्वतःचं, आणि त्यावरच त्या दमल्या होत्या.

प्रश्न मात्र खरोखर गंभीर होता. निनादचा चेहरा फुटला होता. लखनौच्या जानेवारीत पछुआ, म्हणजे पश्चिमेकडचा कोरडा वारा सुटला की चांगल्याचांगल्यांची कातडी निघते, आणि निनादने तर उद्यासाठी म्हणून चार वर्षांची दाढी कालच सफाचट केली होती. त्या उघड्या पडलेल्या गालांवर वाऱ्याने एका रात्रीत असा हात फिरवला की नाकाच्या दोन्ही बाजूंना पापुद्रे सुटले. ओठांच्या कडा इतक्या चिरल्या होत्या की हसलं की रक्त येई. आणि उद्या अनघाच्या घरचे यायचे होते.

आता लखनौमधलं मराठी स्थळ म्हणजे काय, हे पुण्यातल्या माणसाला कळायचं नाही. गीताबाई तीन वर्षं शोधत होत्या. शेवटी शोध लावला तो निनादनेच. मराठी मंडळाच्या गणपतीत प्रसादाची केळी कापताना त्याला अनघा भेटली, आणि दहा वर्षं मंडळाकडे न फिरकलेला हा मुलगा एकाएकी कोजागिरीला गेला, तिळगुळाला गेला, अगदी कीर्तनालासुद्धा जाऊन बसला. आईबापांनी काय ते ओळखलं. अनघाचे वडील धनंजयराव बँकेत होते आणि माणूस मोठा कडक. मागे एका स्थळाने मुलाचा साखरपुडा आधीच झाल्याचं लपवून ठेवलं होतं, तेव्हापासून ते दुधाने पोळलेले होते. त्यांची एकच अट होती, लपवाछपवी चालणार नाही.

श्रीपादराव रेल्वेत पुलांचे इंजिनिअर. बावीस वर्षं लखनौच्या विकास नगरात राहून झाली होती. त्यांची आई साताऱ्याला थंडीत मुलांच्या तोंडाला लेप लावायची, त्यात कोरफडीचा गर, तिळाचं तेल आणि चिमूटभर आंबेहळद असे. गीताबाईंनी थोडी साय घाला म्हणून सुचवलं, तर साय वनस्पती नाही, असं सांगून त्यांनी ती सूचना फेटाळली. कोरफड गच्चीत होती. तेल घरात होतं. राहिली आंबेहळद. "आंबेहळदच आणा हं, स्वयंपाकाची नको," गीताबाईंनी दोनदा बजावलं.

बाजारात पोचल्यावर श्रीपादरावांच्या लक्षात आलं की आंबेहळदीला हिंदीत काय म्हणतात ते आपल्याला ठाऊक नाही. घरी फोन केला असता तर मुलाने दोन सेकंदांत सांगितलं असतं. पण बावीस वर्षं इथे काढलेल्या माणसाने हळदीसाठी मुलाला विचारायचं? त्यांनी जडीबुटी विकणाऱ्या पंसाऱ्याला सरळ खुलासा करून सांगितलं, "भैया, वो हल्दी दीजिए जो चेहरे पर लगाते हैं।"

"किसके लगेगी साहब?"

"लड़के के।"

पंसाऱ्याचा चेहरा उजळला. कब है, असं त्याने विचारलं. कल चार बजे, असं श्रीपादरावांनी सांगितलं. "अच्छा अच्छा, आप लोगों में तो दिन में ही होती है," पंसारी जाणकारपणे म्हणाला. श्रीपादरावांना वाटलं, माणूस मोठा माहितगार आहे, आपल्याकडे बघण्याचा कार्यक्रम दिवसाच असतो हे याला कसं ठाऊक! पंसाऱ्याने आतून कच्च्या हळदीच्या मातीने माखलेल्या, ठसठशीत गाठी आणल्या, पुडीला लाल धागा बांधला, वर एक सुपारी ठेवली आणि हात जोडून मुबारकबाद दिली. लखनौची तहज़ीब ती हीच, असं मनात म्हणत श्रीपादराव भारावून घरी आले.

गीताबाई भाजीला गेल्या होत्या, म्हणून गाठी तपासायला कुणी नव्हतं. श्रीपादरावांनी त्या किसून वाटल्या. आई चिमूटभर घालायची, पण आई इंजिनिअर नव्हती. पुलाचा खांब जेवढा लागतो त्याच्या दुप्पट जाड बांधतात, तेव्हा कुठे पूल उभा राहतो. त्यांनी वाटी भरून घातली. दहा मिनिटं ठेवायचा लेप चाळीस मिनिटं ठेवला. निनाद डोळे मिटून खुर्चीत पडला होता, बहुधा चार वाजताच्या विचारात.

कोरडेपणा खरोखर गेला! हे श्रीपादरावांनी पुढे पुष्कळांना सांगितलं, पण कुणी ऐकून घेतलं नाही. कारण लेप धुतल्यावर जो चेहरा बाहेर आला, तो मऊ होता, तुकतुकीत होता आणि झेंडूच्या फुलासारखा पिवळाधमक होता. कपाळापासून गळ्यापर्यंत, कानाच्या पाळ्यांसकट.

"बाबा, ये क्या है?" निनादने आरशात बघून विचारलं.

साबण लावला. हळद साबणाला भेटली की तिचं कुंकू होतं हे देव्हाऱ्यासमोर बसणारं कुणीही सांगेल, पण त्या वेळी सुचलं नाही. चेहरा लालभडक झाला. पाणी मारलं, तो पुन्हा पिवळा. बेसन लावलं. लिंबू लावलं, तेव्हा चिरलेल्या ओठांमुळे निनाद न्हाणीघरातून उडी मारून बाहेर आला. तासाभराने पिवळा रंग होता तिथेच होता आणि घालवलेला कोरडेपणा मात्र परत आला होता. भाजी घेऊन आलेल्या गीताबाईंनी आधी मुलाकडे, मग पुडीवरच्या लाल धाग्याकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "पी हळद अन् हो गोरी! अहो, एक दिवस तरी दम धरायचा होता."

एवढ्यात बेल वाजली. शेजारच्या शुक्लाइन भाभी गाजराच्या हलव्याची वाटी घेऊन आल्या होत्या. त्यांची नजर निनादवर पडली आणि वाटी जागच्या जागी थांबली.

"हल्दी हो गई? और हमें बताया तक नहीं?"

त्या दुखावल्या होत्या, अगदी मनापासून. आमच्याकडे दारात मांडव नसताना पिवळा चेहरा दिसला की हळद सांडली असेल असं वाटतं. इथे पिवळ्या चेहऱ्याचा नवतरुण म्हणजे नवरदेव, दुसरा अर्थच नाही. श्रीपादरावांनी कोरफडीपासून सुरुवात करून सगळं समजावून सांगितलं, पण शुक्लाइन भाभी समजूतदारपणे हसल्या. नजर लागू नये म्हणून मराठी लोक लग्न लपवतात, असा त्यांनी अर्थ लावला. शिवाय पंसाऱ्याकडून त्यांना उद्या चार वाजताची वेळसुद्धा कळली होती, फक्त मुलगा कुणाचा ते कळलं नव्हतं. त्या धावत घरी गेल्या आणि अडकित्ता घेऊन आल्या. हळद चढलेल्या मुलाने हातात लोखंड ठेवायचं असतं आणि उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नसतं, हे सांगून तो त्यांनी निनादच्या मुठीत दिला, आणि जाता जाता एक फोटोही काढला.

तो फोटो कॉलनीच्या ग्रुपवर पोचायला जेवढा वेळ लागला, त्याच्या निम्म्या वेळात अकरा बायका ढोलक घेऊन हजर झाल्या. पंसाऱ्याची साक्ष असल्यावर श्रीपादरावांचं कोण ऐकणार? दिवाणखान्यात सतरंजी अंथरली गेली, नवरदेवाची गाणी सुरू झाली, आणि गीताबाई स्वयंपाकघरात अकरा कप चहा टाकून एकट्याच पुटपुटत राहिल्या. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, इथे उतावळा सासरा निघाला, असं काहीसं ते होतं.

अडीच वाजता श्रीपादरावांचा फोन वाजला. मागे ढोलक जोरात होती. पलीकडे धनंजयराव होते. त्यांच्या बँकेतल्या एका माणसाचं घर विकास नगरातच होतं, आणि तो फोटो त्याच्यामार्फत धनंजयरावांच्या वसाहतीपर्यंत, वृंदावन योजनेपर्यंत पोचला होता.

"श्रीपादराव, आधी सांगितलं असतंत तर बरं झालं असतं. आम्ही उद्या येत नाही. चिरंजीवांना आशीर्वाद सांगा."

फोन ठेवला गेला. श्रीपादरावांनी परत लावला, तो उचलला गेला नाही. त्यांनी वळून पाहिलं. निनाद दाराशी उभा होता, एका हातात अडकित्ता, दुसऱ्या हातात फोन.

"बाबा, वो फ़ोन नहीं उठा रही।" एवढंच तो म्हणाला. रागावला असता तर श्रीपादरावांना सोसलं असतं. पण त्याने आवाजही चढवला नाही. आयुष्यात बांधलेला एकही पूल पडला नव्हता, आणि हा पडला, तोही आपल्या हाताने.

"चल," ते म्हणाले. "स्कूटर काढ." पुलाचा माणूस कुठेही नमुना घेतल्याशिवाय जात नाही, म्हणून उरलेला लेप त्यांनी डब्यात भरला.

बायकांनी दार अडवलं. हळदीचा मुलगा बाहेर जातो कसा! शेवटी बाप सोबत आहे आणि लोखंड हातात आहे, या दोन अटींवर सुटका झाली. विकास नगर ते वृंदावन योजना म्हणजे लखनौचं एक टोक ते दुसरं टोक. वाटेत दर सिग्नलला कुणी ना कुणी हसून बघत होतं. एका ई-रिक्षावाल्याने तर नवरदेव स्वतःच स्कूटर चालवतोय म्हणून हळहळ व्यक्त केली. निनाद मान खाली घालून स्कूटर हाकत होता आणि मागे श्रीपादराव डबा छातीशी धरून बसले होते.

धनंजयरावांनी व्हरांड्याच्या पुढे येऊ दिलं नाही. सगळं ऐकून घेतलं, आणि कर्जाचा अर्ज नामंजूर करताना जो आवाज लावत असतील त्या आवाजात म्हणाले, चेहऱ्याच्या लेपाने माणूस इतका पिवळा होत नाही.

"होतो," श्रीपादराव म्हणाले. "प्रात्यक्षिक दाखवतो."

आणि त्यांनी डबा उघडून उरलेला सगळा लेप स्वतःच्या तोंडाला फासला. भुवया, मिशा, काही सोडलं नाही. मग घड्याळ बघत उभे राहिले. समोरच्या घरातली माणसं गच्चीत येऊन बघू लागली. पंधरा मिनिटांनी श्रीपादरावांनी बागेच्या नळावर तोंड धुतलं आणि वर केलं. पुरावा स्वच्छ, पिवळा आणि निर्विवाद होता.

नळाचा आवाज ऐकून अनघा बाहेर आली. तिने एका पिवळ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे. तिचे डोळे सुजलेले होते.

"काका, ये सब किसलिए? थोडा कोरडा चेहरा असता तर काय झालं असतं?"

श्रीपादरावांनी उत्तर तयार केलं नव्हतं, म्हणून खरं तेच तोंडून निघालं. "अगं, त्याचे ओठ फुटलेत. हसला की रक्त येतं. आणि उद्या तुझ्यासमोर तो हसल्याशिवाय राहणार नाही, हे मला ठाऊक होतं."

धनंजयरावांनी चष्मा काढून पुसला, तो आधीच स्वच्छ होता. अनघा आत गेली आणि वाटीत खोबरेल तेल आणि कापूस घेऊन आली. तिने कापसाचा बोळा तेलात बुडवून निनादला दिला. "पाण्याने नाही जाणार. तेल लावून बसलेला रंग तेलानेच निघतो." आणि खरंच बोळ्यावर पिवळा रंग उतरायला लागला. गाल, कपाळ, कानाच्या पाळ्या. "और सुनो, रोज मुँह धोके, ओल्या चेहऱ्यावर फक्त दोन थेंब. वाटीभर नाही."

निनाद हसला. ओठाच्या कडेला रक्ताचा थेंब आला, आणि अनघाने नवा बोळा पुढे केला.

"उद्या चार वाजता येतो," धनंजयराव श्रीपादरावांना म्हणाले. "पोह्यांत मात्र हळद बेताने घाला."

श्रीपादरावांचा आनंद गगनात मावेना! कापूस संपला होता आणि अनघा आणखी आणायला निघाली, पण त्यांनी तिला थांबवलं. माझं काय, मी घरी जाऊन पुसेन, आता मला कोण बघतंय! परतीच्या वाटेवर ते स्कूटरच्या मागे बसून मोठमोठ्याने बोलत होते, झाडपाल्यात कशी ताकद असते ते समजावत होते, आणि निनादने पहिल्यांदाच एकदाही अडवलं नाही.

घरी ढोलक अजून चालूच होती. दार उघडलं. आधी निनाद आत आला, गोरापान, तुकतुकीत, हळदीचा मागमूस नाही. त्याच्या मागून श्रीपादराव आले, पिवळेधमक आणि कानापर्यंत हसत.

ढोलक थांबली. शुक्लाइन भाभींनी बापाकडे पाहिलं, लेकाकडे पाहिलं, पुन्हा बापाकडे पाहिलं. मग त्या उठल्या, निनादच्या मुठीतला अडकित्ता काढून घेतला, श्रीपादरावांच्या हातात ठेवला, आणि स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या गीताबाईंना अतिशय अदबीने, अगदी हळू आवाजात विचारलं,

"भाभीजी, आपको तो मालूम है ना?"