दोन्ही टेबलांबाहेरची जोडी

विल्फ रेनने लीकची जोडी ओल्या टॉवेलातून बाहेर काढली आणि क्लबच्या पहिल्या टेबलावर ठेवली. लीक ही कांद्याच्याच कुळातली भाजी, पण ही जोडी माणसाच्या पोटरीएवढी जाड होती. मोजणाऱ्याने फीत दोनदा लावली आणि सेक्रेटरी कथबर्ट नॅट्रसला बोलावलं.

इंग्लंडात डरहॅमकडच्या त्या गावातली कोळशाची खाण कधीच बंद झाली होती. लीकची स्पर्धा चालू होती. विजेत्यांच्या ढालीवर विल्फच्या वडिलांचं नाव होतं, धाकट्या भावाचं तर तीनदा. विल्फचं नव्हतं. फुप्फुसात खाणीची धूळ साठलेल्या माणसाने पुढच्या वर्षी कुदळ धरायची नाही, असं डॉक्टरांनी त्याला बजावलं होतं.

घोटाळा एप्रिलमध्येच झाला होता. रोपांना काय घालतोस, असं कथबर्टने विचारलं होतं. त्या गावात हे कोणी बायकोलाही सांगत नाही. विल्फने टाळायचं म्हणून सांगितलं, आमच्या मॉइराला विचार. त्याची मुलगी मॉइरा पिकांच्या जनुकांवर काम करणाऱ्या संस्थेत होती आणि अशा पिकांना सरकारने नुकतीच परवानगी दिली होती. कथबर्ट वर्तमानपत्र शेवटच्या पानापर्यंत वाचत असे, त्याने विल्फच्या उत्तराचा अर्थ तसाच लावला. क्लब काळाच्या मागे राहू नये म्हणून त्याने जनुक बदललेल्या लीकसाठी वेगळं टेबलही मांडलं होतं. त्यावर फक्त टेबलक्लॉथ होता.

समिती मागच्या खोलीत बसली. स्पर्धा बघायला आलेल्या मॉइराला आत बोलावलं. तिने शांतपणे समजावलं की या पद्धतीत रोपाच्या स्वतःच्याच जनुकांच्या मजकुरातलं एखादं अक्षर बदलतात. तसं ते उन्हानेही बदलतं. बाहेरचं काही मागे राहत नाही. बदल सापडला, तरी तो कोणी केला हे कळत नाही.

"म्हणजे विल्फने काही केलं नाही, हे तू सिद्ध करू शकत नाहीस?" कथबर्टने विचारलं.

"नाही."

"मग पहिल्या टेबलावर कशी ठेवू, विल्फ? लोक मला फाडून खातील."

विल्फ बाहेर पायरीवर जाऊन बसला. श्वास जागेवर यायला वेळ लागला. आत येऊन त्याने विचारलं, "दुसऱ्या टेबलावरच्याचं नाव ढालीवर लागतं?"

"लागतं. खालच्या बाजूला, जरा बारीक."

"अर्ज दे."

मॉइराने त्याचा हात धरला. "बाबा, हे खोटं आहे."

"ते मला नको सांगूस, पोरी. पाणी मीच घातलंय."

तिच्या नोकरीवर बालंट नको म्हणून त्याने बदल स्वतःच केल्याचं लिहिलं. ठिकाण: परसातली शेड. साधन: कात्री. मॉइरा जनुकं कापायच्या कात्रीबद्दल बोलते, हे त्याने ऐकलं होतं.

कथबर्टने अर्ज वाचला आणि चष्मा काढला. "याला पुरावा?"

"मी सांगतोय ना."

"सकाळी तू उलटं सांगत होतास." तो मॉइराकडे वळला. "जनुक बदललंय, असं तू लिहून देशील?"

"नाही देता येणार. दोन्ही बाजूंनी उत्तर तेच आहे."

आयुष्यभर खरं बोललेल्या माणसाचं खोटंही समितीने पुराव्याअभावी नामंजूर केलं. जोडी खिडकीत गेली, 'फक्त पाहण्यासाठी' अशी चिठ्ठी लावून. पहिलं बक्षीस तांबेरा पडलेल्या एका वाकड्या जोडीला मिळालं. तिच्यावर संशय घेणं कोणालाच शक्य नव्हतं. गर्दी मात्र दुपारभर खिडकीपाशीच होती.

संध्याकाळी घरी मॉइराने शेगडीवर पाणी ठेवलं आणि सुरी घेऊन थांबली. विल्फने खिशातून फीत काढून जोडी पुन्हा एकदा मोजली. आकडा त्याने कुठेच लिहिला नाही.

"काप," तो म्हणाला. "दोन्ही काप. कथबर्ट जेवायला यायचाय. रविवारी तो एकटा काय शिजवणार?"